खोलीतली सगळ्यांत शहाणी बाई

या प्रवासाची एक अट आधीच ऐकून घ्या. तुम्हाला कुठेही नायकाचं काम मिळणार नाही. कुठे तुम्ही दाराशी उभे, कुठे विंगेत पडद्याची दोरी धरून, कुठे फलाटावरच्या गर्दीतला एक चेहरा. संवाद नाही, टाळी नाही, श्रेयनामावलीत नावही नाही. चरित्र अभिनेत्रीचं आयुष्य पाहायला निघालात, तर ते कडेला उभं राहूनच पाहायचं असतं. मार्गारेट रदरफोर्ड या इंग्रज बाईनं हयातभर बहुतेक कडेच्याच भूमिका केल्या: मास्तरीणबाई, अविवाहित आत्या, मुख्याध्यापिका, प्लँचेटवाली, खिसा रिकामा झालेली सरदारीण. प्रेक्षक घरी जायचे ते मात्र तिचीच नक्कल करत.

मॅटलॉक, डर्बीशायर. ४ मार्च १८८३

रविवारची सकाळ आहे. डोंगरातल्या या गावी लोक हवापालटाला येतात आणि तुम्ही इथल्या एका लॉजात वरकामाला आहात. लंडनचे दोन पाहुणे उतरलेत. थोरले रेव्हरंड ज्युलियस बेन, धर्मोपदेशक. बरोबर त्यांचा मुलगा विल्यम. विल्यमच्या लग्नाला अजून तीन महिनेही झालेले नाहीत, पण लग्नानंतर लगेचच त्याचं डोकं फिरलं आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. आता जरा उतार पडलाय, मोकळ्या हवेत आणखी बरं वाटेल, या आशेनं बाप त्याला घेऊन आलाय.

खोलीचं दार उघडतं तेव्हा रेव्हरंड बेन मरून पडलेले असतात. रात्री लघवीसाठी पलंगाखाली ठेवतात ते जड भांडं मुलानं बापाच्या डोक्यात घातलंय आणि मग खिशातल्या चाकूनं स्वतःचा गळा चिरून घेतलाय. तो वाचतो. कायदा त्याला वेडा ठरवतो आणि त्याची रवानगी ब्रॉडमूरला होते. गुन्हा केलेल्या मनोरुग्णांना तिथे ठेवतात.

या खुनात शोधून काढण्यासारखं काहीच नाही. खुनी समोर, हत्यार समोर. तरीही ही खोली नीट पाहून ठेवा. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी याच माणसाची मुलगी खुनांचा छडा लावणारी म्हातारी म्हणून जगभर ओळखली जाणार आहे.

मद्रास, १८९५

बरा झाला म्हणून विल्यमला १८९० मध्ये सोडतात. बायको फ्लॉरेन्स सात वर्षं त्याची वाट पाहत थांबलेली. बेन या आडनावाचा वर्तमानपत्रांनी चोथा केलाय, म्हणून ते गाळून तो आपलं मधलं नाव, रदरफोर्ड, हेच आडनाव म्हणून लावतो. ११ मे १८९२ला लंडनच्या बॅलम भागात त्यांना मुलगी होते. आपल्याला कोणी ओळखणार नाही असा मुलूख हवा, म्हणून हे कुटुंब मद्रासला येतं.

इथे तुम्ही घरच्या नोकरमाणसांपैकी एक. बाईसाहेबांना पुन्हा दिवस गेलेत, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. एके दिवशी त्यांनी झाडाला गळफास लावून घेतल्याचं कळतं. तीन वर्षांच्या मार्गारेटला बोटीनं विलायतेला, आईच्या बहिणीकडे पाठवून देतात. हिंदुस्थानशी तिचा स्वतःचा संबंध एवढाच. तिच्या चुलतघराण्याचा मात्र पुढे येणार आहे, आणि तो आपल्याही इतिहासाच्या पुस्तकात आहे.

विम्बल्डन, १९०४च्या सुमारास

बेसीमावशीच्या घरी दार उघडायचं काम तुमच्याकडे. मावशीचं लग्न झालेलं नाही. तिनं या पोरीला पोटच्या मुलीसारखं वाढवलंय. पोरीला सांगून ठेवलंय की आईच्या मागोमाग वडीलही गेले. शेजारीपाजारीही तेच धरून चाललेत.

एक दिवस दारावर थाप पडते. बाहेर फाटक्या कपड्यांतला एक माणूस. त्याला मार्गारेटला निरोप द्यायचाय: तुझे वडील जिवंत आहेत, ब्रॉडमूरमध्ये आहेत, त्यांनी तुझी आठवण काढलीय. विल्यमची तब्येत पुन्हा बिघडली होती आणि त्याला परत तिथेच नेलं होतं.

बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं हे ऐकून काय करायचं? आणि मग बाकीचंही उघड झालं: बाप मेला नव्हता, त्यानं मारलं होतं. आई आजारानं गेली नव्हती. आणि त्या काळातल्या समजुतीप्रमाणे वेड रक्तातून उतरतं. त्या दिवसापासून मार्गारेट स्वतःवरच पहारा ठेवू लागली. पुढे आयुष्यभर तिला नैराश्याचे झटके येत राहिले, कधी इस्पितळात राहून उपचार घ्यावे लागले, आणि प्रत्येक वेळी प्रश्न तोच: सुरुवात झाली का? खुनाची गोष्ट तिनं जगापुढे कधी उच्चारली नाही.

आता वर्षं भराभर उलटा. तुम्ही आठ वर्षांचे आहात, पियानोपुढे बसलाय, आणि खाली फाटकाशी सायकलची घंटी वाजते. मिस रदरफोर्ड आल्या. त्या घरोघर सायकलवरून फिरून पियानो शिकवतात, शिवाय स्वच्छ उच्चारात बोलायलाही. अंगात जाड लोकरी कपडे, हनुवटी पुढे, नजर थेट. तुम्ही एक सूर चुकवलात की त्यांचा खालचा ओठ हलतो. त्यात राग नसतो. देशावर संकट आलंय इतकी कळकळ असते. तुम्हाला हसू येतं आणि ते दाबावं लागतं, कारण समोरची बाई जराही हसत नाहीये.

त्यांना नटी व्हायचंय. पण मावशी म्हातारी झालीय, घर चालवायचंय, सायकल सुटत नाही. वडील १९२१ मध्ये ब्रॉडमूरमध्येच वारतात. १९२५ मध्ये मावशी जाते आणि मागे थोडीशी पुंजी ठेवून जाते.

ओल्ड विक, लंडन. १९२५

विंगेत या. आज तुम्ही पडदा ओढणारे. वॉटर्लू स्टेशनजवळचं हे थिएटर लिलियन बेलिस नावाची बाई हिकमतीनं चालवते. इथे कमी दरात शेक्सपिअर मिळतो, आणि नटांनाही पगार बेताचाच मिळतो. याच हंगामात इडिथ इव्हान्स इथे मोठमोठ्या भूमिका करतेय.

शिकाऊ नटांच्या रांगेत एक जण बाकीच्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी दिसते. तेहतीस वर्षांची, ठाशीव बांध्याची, गाल लोंबते. हिला ज्युलिएट कोण देणार? नाताळच्या नाटकात तिला काम मिळतं ते लांब नाकाच्या परीचं. हंगाम संपतो आणि तिला पुढे ठेवून घेत नाहीत. मार्गारेट परत विम्बल्डनला जाते, सायकलवर बसते आणि पियानोच्या शिकवण्या धरते.

आपल्याकडचे नाटकवाले अशा वेळी ‘वय निघून गेलं’ म्हणून मोकळे होतात. तिनंही तसं म्हटलं असतं तर कोणी दोष दिला नसता. पण ती फिरत्या कंपन्यांत, छोट्या नाटकमंडळ्यांत मिळेल ते काम धरत राहिली.

ऑक्सफर्ड, १९३०

इथल्या मंडळीत पाठोपाठ नवी नाटकं उभी राहतात. एकाचे प्रयोग चालू असताना दुसऱ्याची तालीम, तिसऱ्याचं पाठांतर. तुम्ही प्रॉम्प्टर आहात, मेणबत्तीच्या उजेडात संहिता धरून बसलेले. कंपनीत एक सडपातळ, अदबशीर नट आहे, स्ट्रिंगर डेव्हिस. मार्गारेटपेक्षा सात वर्षांनी लहान. त्याला ती आवडते, तिला तो आवडतो, आणि त्याच्या आईला ती मुळीच आवडत नाही. या लग्नाला पंधरा वर्षं लागणार आहेत.

प्रॉम्प्टरच्या खुर्चीवर आजचं वर्तमानपत्र पडलंय, ते उघडा. हिंदुस्थानात मिठाचा सत्याग्रह झालाय, तुरुंग भरलेत, आणि नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरतेय, डॉ. आंबेडकर तिथे बोलणार आहेत. त्या वेळचा भारतमंत्री म्हणजे विल्यम वेजवुड बेन. पलीकडे आरशापुढे नाकाला रंग लावत बसलेल्या नटीचा तो सख्खा चुलतभाऊ. त्याचे वडील जॉन आणि तिचे वडील विल्यम हे मॅटलॉकमध्ये मेलेल्या रेव्हरंड बेनचे मुलगे. भाऊ एका साम्राज्याचा कारभार पाहतोय. त्याचा मुलगा टोनी बेन पुढे मजूर पक्षाचा गाजलेला नेता होईल. बहीण मात्र आडनाव टाकून तीन अंकी विनोदी नाटकात चहा ओततेय.

ग्लोब थिएटर, १९३९

मधली वर्षं धावती घ्या. १९३३ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, ती लंडनच्या वेस्ट एंडच्या रंगमंचावर येते. पहिला चित्रपट १९३६ मध्ये. १९३८ मध्ये जॉन गिलगुड दिग्दर्शित ‘स्प्रिंग मीटिंग’ नाटकात ती घोड्यांवर चोरून पैसे लावणारी आत्या करते आणि समीक्षक विचारू लागतात, ही बाई इतके दिवस होती कुठे?

आता गिलगुडनंच ऑस्कर वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ उभं केलंय. इडिथ इव्हान्स लेडी ब्रॅकनेल, मार्गारेट मिस प्रिझम. तुम्ही सामानवाले आहात आणि तुमच्या हातात नाटकातली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू आहे: एक जुनी कातडी हँडबॅग. शेवटच्या अंकात ती वेळेवर आत गेली पाहिजे.

प्रसंग असा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मिस प्रिझम एका तान्ह्या मुलाला फिरवायला घेऊन निघाली. गोंधळात तिनं बाबागाडीत आपल्या कादंबरीचं हस्तलिखित ठेवलं आणि मूल बॅगेत घातलं, आणि ती बॅग स्टेशनावर ठेवून दिली. आज ते मूल मोठं होऊन समोर उभं आहे. त्याचं नाव, कूळ, लग्न, सगळं एका उत्तरावर अडलंय: बॅग हीच का?

मार्गारेट बॅग हातात घेते. विंगेतून तुम्हाला तिचे हात दिसतात. ती घाई करत नाही. एक ओरखडा सापडतो, तो कुठे लागला ते आठवतं. अस्तरावरचा डाग सापडतो, तो कशानं पडला ते आठवतं. कुलपावर स्वतःची आद्याक्षरं. बाकी पात्रांचा श्वास अडकलाय आणि हिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरतंय. इतकी वर्षं बॅगेवाचून फार अडलं होतं, ती परत मिळाली! मुलाचं काय झालं, हा विचार तिच्या मनाला शिवतही नाही. थिएटर हशानं फुटतं. ती त्या हशाकडे बघत नाही. आपली बॅग कुरवाळत उभी असते.

आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर तिचं बेअरिंग सुटत नाही. विनोदी नटाला प्रेक्षकांचा पहिला हशा मिळाला की दुसऱ्यासाठी थोडं खालच्या रांगेकडे बघावंसं वाटतं, भुवई जरा जास्त उडवावीशी वाटते. हिनं तो मोह कधी धरला नाही. मिस प्रिझमला बॅग हवी होती, ती मिळाली, यात हसण्यासारखं काय आहे?

पिकॅडिली थिएटर. २ जुलै १९४१

आज तुम्हाला बढती मिळालीय: प्रेक्षक. चांगले कपडे केलेत, पण थिएटरपर्यंत पोचायला बाँबनं पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यावर टाकलेल्या फळ्यांवरून चालावं लागतंय. नोएल कॉवर्डनं मे महिन्यात वेल्समधल्या पोर्टमेरियनला आठवड्याभरात लिहून काढलेलं ‘ब्लाइद स्पिरिट’ आज पहिल्यांदा लंडनमध्ये लागतंय. विषय? मेलेली माणसं घरी परत येतात आणि जिवंतांना सळो की पळो करतात. ज्या शहरात दर घरी कोणी ना कोणी गेलंय किंवा जाण्याची भीती आहे, तिथे हे नाटक! तुम्ही खुर्चीत बसता, पण हसावं की नाही याचा निर्णय झालेला नसतो.

मादाम आर्काटी, म्हणजे मार्गारेट, येतात. एका कादंबरीकारानं पुस्तकासाठी माहिती हवी म्हणून त्यांना घरी प्लँचेटला बोलावलंय. पाहुण्यांना तो सगळा फार्स वाटतो. एकमेकांकडे बघून ते गालात हसतात. मादाम आर्काटी आल्यात सायकलवरून. विम्बल्डनच्या शिकवण्यांवर इतकी वर्षं तुडवलेली सायकल इथे तिच्या भूमिकेत आयती आली. गळ्यात माळांची दाटी, चालण्यात मुलींच्या हॉकी संघाच्या कप्तानाचा जोम. जेवणाची चौकशी, हवेची चौकशी, आणि मग त्याच सुरात परलोकाची चौकशी.

तुम्ही पाहत राहा. गूढ आवाज काढणारी, डोळे फिरवणारी मांत्रिक बाई कोणीही करेल. ही तसं काही करत नाही. वीजमिस्त्री फ्यूज तपासतो तशी ती खोली तपासते: दिवा कुठे, टेबल कसं, कोण अविश्वासू आहे. आत्मा यायचा असतो, त्याच्यासाठी नीट व्यवस्था हवी. तिची समाधी लागते, ती धाडकन पडते, उठते, आणि पहिली चौकशी करते ती काम फत्ते झालं का याची. परलोकविद्या थट्टेचा विषय नाही, असं मार्गारेटचं स्वतःचं मत होतं. ही भूमिका घ्यायला ती आधी का-कू करत होती. म्हणूनच ती थट्टा करत नाही, आणि म्हणूनच तुमच्या पोटात दुखेपर्यंत तुम्ही हसता.

मध्येच एक गोष्ट ध्यानात येते. त्या दिवाणखान्यात भूत खरोखर आलेलं आहे. म्हणजे जिला सगळे येडचाप समजत होते ती बरोबर होती, आणि मद्याचे पेले हातात धरून गालात हसणारे शहाणे चूक होते.

तिच्या भूमिकांची यादी काढा, सगळीकडे हेच सापडेल. जगानं जिला चक्रम ठरवलंय अशी बाई येते आणि मार्गारेट तिला खोलीतली सगळ्यांत शहाणी माणूस म्हणून उभी करते. ‘पासपोर्ट टू पिम्लिको’मध्ये (१९४९) ती इतिहासाची प्राध्यापिका आहे, लंडनचा एक मोहल्ला कायद्यानं बर्गंडीचा भाग आहे असं ती जुन्या दस्तावरून छातीठोकपणे सांगते आणि ब्रिटिश सरकारची पंचाईत होते. ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युवर लाइफ’मध्ये (१९५०) सरकारी घोळामुळे मुलांच्या शाळेत मुलींची शाळा घुसवली जाते, अॅलिस्टर सिमचा मुख्याध्यापक हवालदिल होतो, तेव्हा ती पदर खोचल्यासारखी सगळी शाळा ताब्यात घेते. बापाचं वेड आणि आईचा शेवट पाठीशी घेऊन वावरणाऱ्या बाईनं हा साचा उगाच निवडला नसणार. तऱ्हेवाईक असणं आणि वेडं असणं यांतलं अंतर तिला आपल्यापेक्षा जास्त नेमकं माहीत होतं. तिनं ते रोज मोजलं होतं.

‘ब्लाइद स्पिरिट’चे १,९९७ प्रयोग होतात. संगीत नसलेल्या नाटकांत हा विक्रम होता; तो पुढे अॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’नं मोडला. १९४५ मध्ये डेव्हिड लीनचा चित्रपट येतो, त्यात मादाम आर्काटी अर्थात तीच. तोवर स्ट्रिंगरची आई राहिलेली नाही, अडसर उरलेला नाही. त्याच वर्षी मार्गारेट, बावन्न वर्षांची, नवरी होते.

बोरमवुड, एमजीएमचा स्टुडिओ. १९६१

आज तुम्ही एक्स्ट्रा. जरा बाजूला उभे राहा, तो डबा दिसतोय ना, त्यात शॉट आहे. चित्रपट ‘मर्डर, शी सेड’, दिग्दर्शक जॉर्ज पोलॉक. ख्रिस्तीच्या ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ या कादंबरीवरून. खुनांचा छडा लावणाऱ्या म्हाताऱ्या मिस मार्पलचं काम मार्गारेटकडे, वय एकोणसत्तर.

तिनं आधी नकार दिला होता. खून, गुन्हेगारी यांच्याशी आपलं नाव जोडलं जाऊ नये, असं तिला वाटायचं. निर्मात्यांना ही म्हाताऱ्या बाईची सोवळी अडचण वाटली असेल. तुम्ही मॅटलॉकला जाऊन आलाय, तुम्हाला वेगळं ठाऊक आहे. पोलॉकनं तिला पटवलं की यात रक्तपाताचं कौतुक नाही, हा बुद्धिबळासारखा डाव आहे आणि शेवटी न्याय होतो. ती तयार झाली. अंगावरचे बरेचसे कपडे तिनं स्वतःचेच आणलेत.

शॉट पाहा. दोन गाड्या समांतर धावतायत. पलीकडच्या डब्यातला खिडकीचा पडदा सर्रकन वर जातो आणि एक पुरुष एका बाईचा गळा दाबताना दिसतो. पडद्यावर फक्त मार्गारेटचा चेहरा. ती किंचाळत नाही. जबडा एकदा हलतो, डोळे रुंदावतात, आणि त्याच क्षणी आत कुठेतरी हिशेब सुरू होतो. कादंबरीत हा खून मिस मार्पलची मैत्रीण पाहते. चित्रपटवाल्यांनी तो मार्पललाच पाहायला लावला. आता पोलीस येतात, प्रेत मिळत नाही, आणि इन्स्पेक्टरला वाटतं, म्हातारीनं गुप्तहेर कथा वाचता वाचता डुलकी काढली असेल. म्हणजे पुन्हा तेच. एका बाईनं खून पाहिलाय, आणि शहाणे लोक तिला सांगतायत की हे तुझ्या डोक्यात आहे.

त्यावर ती काय करते? रडत बसत नाही, तक्रार करत नाही. गावच्या ग्रंथपालाला, मिस्टर स्ट्रिंगरना, मदतीला घेऊन रुळांच्या कडेनं स्वतः शोध घेते आणि संशयित बंगल्यात मोलकरीण म्हणून नोकरी धरते. बटाटे सोलता सोलता खुनी शोधून काढते. घरमालक शेवटी लग्नाची मागणी घालतो आणि ती नकार देऊन आपल्या घरी जाते. ग्रंथपालाचं काम करणारा तो भिडस्त नट म्हणजे स्ट्रिंगर डेव्हिस, तिचा नवरा. हे पात्र ख्रिस्तीच्या पुस्तकात नाही. ते त्याच्यासाठी घातलं. दोन शॉटच्या मध्ये तो तिच्यासाठी चहा आणतो, तिची शाल सांभाळतो. बऱ्याच चित्रपटांत ती त्याच्यासाठी एखादं छोटं काम मागून घेते.

स्वयंपाकघराच्या सेटवर मिसेस किडरचं काम करणाऱ्या बाईकडेही एकदा बघून घ्या. जोन हिक्सन. १९८४ पासून बीबीसीच्या मालिकेत हीच मिस मार्पल होईल आणि ख्रिस्तीचे चाहते म्हणतील, अखेर पुस्तकातली मार्पल मिळाली. ते खरंही आहे. ख्रिस्तीची मार्पल सडपातळ, मृदू, विणकामात डोकं घातलेली. मार्गारेटची मार्पल दारातून आत आली की दाराला अंग चोरावं लागतं. या मालिकेत चार चित्रपट निघाले. दोन तर ख्रिस्तीच्याच दुसऱ्या गुप्तहेराच्या, हर्क्यूल प्वारोच्या कादंबऱ्यांवरून, आणि चौथा कुठल्याच कादंबरीवरून नाही. ख्रिस्तीबाईंना ते मुळीच रुचले नाहीत. तरी १९६२ची ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ ही कादंबरी त्यांनी आदरपूर्वक मार्गारेट रदरफोर्डलाच अर्पण केली.

लंडन विमानतळ, स्पेन, हेमार्केट

आता शेवटचे तीन मुक्काम, आणि तुम्ही फक्त सामान उचला.

‘द व्हीआयपीज’ (१९६३). धुक्यामुळे लंडनच्या विमानतळावर प्रवासी अडकलेत. एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांच्यासाठी प्रेक्षक तिकीट काढतात. मार्गारेट आहे ब्रायटनची डचेस: वाडा वाचवायला पैसे नाहीत म्हणून म्हातारपणी फ्लोरिडाला नोकरी करायला निघालेली, विमानाला घाबरलेली, गोळ्या आणि पेय यांची सांगड चुकलेली. १९६४ मध्ये तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळतं, एकाहत्तराव्या वर्षी. नामांकनांच्या यादीत इडिथ इव्हान्सही होती.

मग ऑर्सन वेल्सचा ‘चाइम्स अॅट मिडनाइट’, स्पेनमध्ये चित्रित झालेला. इथे तिला हसवायचं नाही. शेक्सपिअरचा फॉलस्टाफ मेलाय आणि त्याच्या अंगाला हात लावून तो कसा थंड पडत गेला, हे खानावळवाली मिस्ट्रेस क्विकली सांगते. आवाज एका सुरात, साध्या बाईनं शेजाऱ्याची बातमी सांगावी तसा. मिस प्रिझमची बॅग ज्या इमानानं धरली होती, त्याच इमानानं ती हे मरण हातात धरते. तंत्र तेच. प्रसंग बदलला म्हणून तुम्ही हसायच्या ऐवजी गप्प बसता.

१९६६, हेमार्केट. शेरिडनचं ‘द रायव्हल्स’, रॅल्फ रिचर्डसनबरोबर. भूमिका मिसेस मॅलाप्रॉपची, जी प्रत्येक वाक्यात भलताच शब्द ठोकून देते. तुम्ही पुन्हा प्रॉम्प्टर. काही प्रयोगांनंतर तुमच्या लक्षात येतं की चुकीचे शब्द चुकीच्या जागी येऊ लागलेत. स्मृतिभ्रंश सुरू झालाय. तिला नाटक सोडावं लागतं. रंगभूमीवरचं तिचं हे शेवटचं काम. १९६७ मध्ये तिला ‘डेम’ हा किताब मिळतो. २२ मे १९७२ला, ऐंशी वर्षं पूर्ण होऊन अकरा दिवसांनी, बकिंगहॅमशायरमध्ये ती वारते. अखेरपर्यंत शुश्रूषा केलेला स्ट्रिंगर पुढच्या वर्षी जातो. जेरार्ड्‌स क्रॉसच्या चर्चच्या आवारात दोघांच्या कबरी शेजारी आहेत.

ज्याची तिला जन्मभर धास्ती होती ते वेड आलं नाही. आला तो म्हातारपणचा आजार, जो कोणाच्याही घरात येतो. आणि ज्या तऱ्हेवाईकपणाकडे तिच्या घरातली मोठी माणसं रोगाचं पहिलं लक्षण म्हणून पाहत असतील, त्यावर तिनं चाळीस वर्षं पोट भरलं, घर उभं केलं, ऑस्कर आणलं. तुम्ही तिचे चित्रपट पाहाल तेव्हा हसाच, त्यासाठीच ते केलेत. फक्त इन्स्पेक्टर जेव्हा तिला समजुतीच्या सुरात सांगतो की बाई, तुम्हाला भास झाला असेल, तेव्हा त्याच्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा. ती त्याचं सगळं ऐकून घेते आणि आपलं म्हणणं तसूभरही बदलत नाही.